प्रसाद की साक्रामेंत?

काही वर्षांपूर्वी पिंपरीतल्या एका चर्चमध्ये सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. मिस्सा मराठीत होती. लोक रांगेने वेदीकडे निघाले तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "प्रसाद घेऊन येते." मीही मागे उभा राहिलो आणि तीर्थाला करतात तशी ओंजळ पुढे केली. धर्मगुरूंनी हळूच विचारले, "आपण कॅथलिक?" नाही म्हणताच त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. अपमान मुळीच वाटला नाही. पण प्रसाद नाकारला कसा जातो, हा प्रश्न घरी घेऊन आलो. पुढे वाचत गेलो तसे कळले की चूक माझी कमी आणि शब्दाची जास्त होती.

कॅथलिक चर्च सात साक्रामेंत मानते. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली ही संख्या ठामपणे सांगितली. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीराचे सेवन, पापकबुली, आजाऱ्याचा तैलाभ्यंग, याजकदीक्षा आणि विवाह. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस या साध्या वस्तू आणि ठरलेले शब्द यांतून देवच कृपा देतो, अशी ही श्रद्धा आहे. विधी करणारा धर्मगुरू स्वतः कितपत पुण्यवान आहे यावर ती कृपा अवलंबून नसते.

आज मराठीत यांना सर्रास 'संस्कार' म्हणतात. शब्द गोड आहे, पण तो दोन ठिकाणी तोकडा पडतो. आपले संस्कार गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत आयुष्याच्या टप्प्यांवर होतात. पापकबुली आणि ख्रिस्तशरीराचे सेवन मात्र जन्मभर पुन्हापुन्हा करायचे असते. शिवाय 'मुलांवर चांगले संस्कार' या रोजच्या बोलण्यामुळे शब्दाला वळण लावण्याचा अर्थ चिकटला आहे. कृपेचा अर्थ त्यात कुठेच उरत नाही.

फादर स्टीफन्स यांच्यापुढे हाच पेच होता. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गासाठी 'वैकुंठ' त्यांनी निःसंकोच घेतला. बाप्तिस्म्यासारख्या विधीसाठी मात्र पोर्तुगीज-लॅटिन शब्दच ठेवला. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात अशा परक्या शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. एकाच काव्याची ही दोन रूपे म्हणजे भाषांतराच्या दोन भूमिका आहेत.

'जेवढे देशी तेवढे सरस' ही आपल्या समीक्षेची जुनी खोड. तिच्यापोटी छापील प्रतीतले परके शब्द काव्यातले खडे ठरतात. मला ते कुंपण वाटते. कथा सांगताना श्रोत्याच्या घरात शिरायचे, पण विधीपाशी आल्यावर 'हे वेगळे आहे' असे बजावायचे. या कुंपणाला दुसरी बाजूही आहे, ती झाकू नये. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते; शब्दाची गल्लत तिथे केवळ साहित्यिक चूक नव्हती. तरीही लोकांनी ते शब्द आपलेसे केले. पापकबुलीला 'कुमसार' आणि ख्रिस्तशरीर घेण्याला 'कुमगार' म्हणणाऱ्या गोव्यातल्या माणसाला ते शब्द परके वाटत नाहीत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. त्यामुळेच आज पिंपरीत मराठी मिस्सा ऐकू येते, हे मोठेच देणे आहे. पण नगर जिल्ह्यातून कामासाठी इकडे आलेल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज दलित होते. उपनयनासारखा संस्कार त्यांना नाकारलेला होता. बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्यांना जे दिले, त्याला 'संस्कार' म्हणताना आपण त्यांचा हक्क मान्य करतो, की त्यांनी सोडलेल्या चौकटीतच त्यांना परत बसवतो? चर्चमध्येही जात पुरती गेली नाही, हे खरे आहे. म्हणून तर शब्द अधिक जपून वापरायला हवा.

माझे मत असे: विवाहाला संस्कार म्हणावे, कारण तिथे शब्द बऱ्याच अंशी जुळतो. पण साऱ्या सातांना मिळून 'साक्रामेंत'च म्हणावे. मराठीने टेबल, बटाटा, पाद्री पचवले, तसा हाही पचेल. आणि आजींच्या 'प्रसाद' शब्दाला मी नावे ठेवणार नाही. त्यांनी तो माझ्यासाठी, मला समजावे म्हणून वापरला होता. भाषांतराची माया तीच, आणि त्यातली फसगतही तीच.