प्रणिपात आणि परिप्रश्न : मराठी संतवाङ्मयातील गुरुशरणागती

‘अहंकार गुरुचरणी वाहून टाका’ हे वाक्य प्रवचनांतून, सत्संगांतून आणि गुरुपौर्णिमेच्या फलकांवरून आपल्या इतके कानावर-डोळ्यावर पडलेले असते की त्याचा अर्थ उघडच आहे असे वाटू लागते. वाहायचे नेमके काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते. जन्माचा, जातीचा, विद्येचा, वयाचा ताठा वाहायचा, की स्वतःची विचार करण्याची शक्तीही वाहायची? आज दोन्हींना ‘अहंकार’ हे एकच नाव दिले जाते आणि त्या एका शब्दाच्या आड बराच घोटाळा दडतो. आपल्या मराठी ग्रंथांनी या दोन गोष्टी एक मानल्या होत्या का, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मी विद्यापीठीय अभ्यासक नाही. नाशिकच्या इंदिरानगरात राहते. नोकरी आणि संसार सांभाळून, सार्वजनिक वाचनालयातली पुस्तके घरी आणून, जे शिकता आले ते शिकले. पण या विषयासाठी माझे गाव सोयीचे आहे. ज्ञानदेवांचे गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी इथून तासाभराच्या वाटेवर त्र्यंबकेश्वरी आहे. समर्थ रामदासांनी ज्या टाकळीला तप केले ती तर शहरातच आली. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई यांचे शिऊर शेजारच्या वैजापूर तालुक्यात. म्हणजे गुरुशिष्यांच्या तीन ठळक मराठी कथा या परिसराला लागून आहेत.

विषय सुचला तो मात्र ग्रंथांतून नव्हे. आमच्या भागात आम्ही काही जणी आठवड्यातून एकदा ज्ञानेश्वरी वाचायला बसतो. त्यातल्या एका बाई पतीच्या निवृत्तिवेतनातला ठरावीक भाग दरमहा एका महाराजांच्या कार्याला देत असत. त्या पैशांचे पुढे काय होते, असे त्यांनी एकदा तिथे विचारले, तेव्हा ‘अजून अहंकार गेलेला दिसत नाही’ असे उत्तर मिळाले. त्या रागावल्या नव्हत्या. आपलेच काही चुकले असावे, असा त्यांचा सूर होता. ‘विचारणे हाच अहंकार, असे कुठे लिहिले आहे का हो?’ असे त्यांनी मला विचारले. पुढचे विवेचन म्हणजे त्या प्रश्नाचा शोध.

सुरुवात गीतेपासून करावी लागते. चौथ्या अध्यायातल्या 34व्या श्लोकात ज्ञान मिळवण्याचे तीन उपाय सांगितले आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. प्रणिपात म्हणजे लोटांगण. सेवा म्हणजे सेवा. आणि या दोहोंच्या मधोमध परिप्रश्न, म्हणजे सर्व बाजूंनी विचारलेला प्रश्न. या श्लोकावर ज्ञानदेव लिहितात तेव्हा तनमनजीवाने पाया लागावे, गर्व सोडून सगळे दास्य करावे, असे ते सांगतातच. पण लगेच पुढे, आपल्याला जे हवे ते विचारले असता ते संत सांगतात, असेही म्हणतात. गर्व टाकणे आणि विचारणे या दोन गोष्टी तिथे हातात हात घालून येतात. दुसरी केली की पहिली फोल ठरते, असे ज्ञानदेवांना वाटत नाही.

याहून सूक्ष्म जागा तेराव्या अध्यायात आहे. ज्ञानाची लक्षणे सांगताना गीता जी यादी देते तिच्यात ‘आचार्योपासन’ सहावे आहे आणि ‘अनहंकार’ अकरावे. मध्ये शौच, स्थैर्य, आत्मनिग्रह आणि वैराग्य आहेत. गुरुसेवा केली की अहंकार गेलाच, असे गीतेला म्हणायचे असते तर ही दोन लक्षणे वेगळी मोजण्याचे कारण नव्हते. गुरूची सेवा करूनही अहंकार शिल्लक राहू शकतो, किंबहुना ‘मी अमुक महाराजांचा’ या रूपाने तो वाढूही शकतो, हे या यादीने गृहीत धरले आहे. अहंकार गेला की नाही याची कसोटी गुरुसेवेच्या बाहेर ठेवलेली आहे.

यावर कुणी म्हणेल की आचार्योपासनेवरच्या ज्ञानदेवांच्या ओव्या तुम्ही विसरलात. विसरणे शक्यच नाही. मूळ श्लोकातल्या त्या एका शब्दावर ज्ञानदेव ओव्यांमागून ओव्या लिहितात. तिथला शिष्य गुरूचे घर, अंगण, पादुका, छत्र, सगळे स्वतःच होऊ पाहतो. मेल्यावरही त्याला सुटका नको. देहातली माती गुरूच्या पायांखालच्या भूमीत मिसळावी, देहातले पाणी गुरू ज्या पाण्याला स्पर्श करील त्यात जावे, देहातले तेज गुरूच्या दिव्यात जावे, अशी त्याची इच्छा आहे. शरणागतीचे याहून उत्कट वर्णन मराठीत माझ्या वाचनात नाही, आणि शरणागती म्हणजे गुलामी असे घाईने म्हणणाऱ्यांनी हा भाग शांतपणे वाचावा.

पण तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, हे सगळे शिष्याच्या तोंडी आहे. त्याला तसे वाटते आहे. गुरूने त्यातले काहीही मागितलेले नाही. दोन, ज्या गुरूकडे पाहून हे लिहिले गेले तो गुरू कोण होता? परंपरेने दिलेले जन्मशक धरले तर निवृत्तिनाथांचा जन्म 1273चा आणि ज्ञानदेवांचा 1275चा. नेवाशात 1290मध्ये ज्ञानेश्वरी झाली तेव्हा ग्रंथ सांगणारा पंधरा वर्षांचा आणि त्याचा गुरू सतरा वर्षांचा. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने बाहेर ठेवलेला हा थोरला भाऊ. त्याच्यापाशी मठ नाही, द्रव्य नाही, अनुयायी नाहीत. चौदाव्या अध्यायाच्या आरंभी गुरुस्तवन लांबू लागते, तेव्हा खुद्द निवृत्तिनाथच स्तुती पुरे करून विषयाकडे वळायला सांगतात. आपली स्तुती थांबवणारा गुरू, ही या ग्रंथातली साधी पण फार मोलाची खूण आहे.

‘अमृतानुभवा’त ज्ञानदेव आणखी पुढे जातात. त्याचे दुसरे प्रकरण निवृत्तिनाथांच्या स्तवनाचे. स्तवन करता करता ते अशा ठिकाणी येतात की वंदन करायला गुरू वेगळा उरत नाही आणि वंदन करणारा शिष्यही उरत नाही. गुरूचे काम शिष्यपण संपवण्याचे आहे, असा याचा सरळ अर्थ मी घेते. जिथे शिष्य वीस-वीस वर्षे शिष्यच राहतो, आणि तसा राहावा अशीच सारी व्यवस्था असते, तिथे या प्रकरणाचा आधार घेता येणार नाही.

आता कथा पाहू. चांगदेव आणि मुक्ताबाई यांची कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. चौदाशे वर्षांचा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतो. मायना कोणता घालावा, वडील म्हणून की लहान म्हणून, हे त्याला ठरवता येत नाही आणि तो कोरा कागद पाठवतो. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांच्या पासष्ट ओव्या आल्या आणि पुढे मुक्ताबाई त्याची गुरू झाली. चौदाशे वर्षे हा अर्थातच कथेचा आकडा. पण कथा काय मोजते आहे ते पाहा. मायन्यातच अडकलेला अहंकार हा दर्जाचा अहंकार आहे. त्याने जिच्यापुढे मान लवली ती एक पोरसवदा मुलगी होती. पासष्टीत शरण ये, अशी आज्ञा कुठे नाही. तिच्यात जिव्हाळ्याने मारलेली हाक आहे आणि तू आणि मी वेगळे नाही याची समजूत आहे.

नामदेवांची कथाही याच वळणाची. गोरोबांनी थापटून पाहिले तेव्हा मडके कच्चे निघाले, आणि देवाशी बोलणाऱ्या या लाडक्या भक्ताला औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे जावे लागले. हे विसोबा परंपरेच्या कथेत आधी ज्ञानदेव-भावंडांचा छळ करणारे आणि मग त्यांनाच शरण आलेले. महिपतींनी 1762मध्ये ‘भक्तविजय’ लिहिला तोवर या कथा घरोघरी रुजल्या होत्या. त्या एकत्र ठेवल्या की एक दिशा दिसते : ज्याच्यापाशी काही आहे तो, ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यापुढे वाकतो. आज आपण पाहतो ते बहुधा याच्या उलट असते. आधीच वाकलेल्या माणसाला, विधवेला, कर्जबाजाऱ्याला, आजारी मुलाच्या आईला, अहंकार सोडायला सांगितले जाते. तिच्यापाशी सोडण्याजोगा अहंकार होता कुठे?

इथे बहिणाबाईंचे आत्मनिवेदन फार महत्त्वाचे ठरते, कारण शरण गेलेल्या स्त्रीने स्वतः लिहिलेली ती साक्ष आहे. त्यांचा जन्म 1628चा, देवगावचा. लहानपणीच लग्न झाले ते तिशीतल्या बिजवराशी. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला त्या वासरासह जाऊ लागल्या, त्यावरून नवऱ्याने मारहाण केली. पुढे वासरू गेले, आणि त्या दुःखात तुकोबांनी त्यांना स्वप्नात उपदेश केला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा हे नवऱ्याला सोसवले नाही. तो घर सोडून जायला निघाला.

हे वाचताना मला नेहमी वाटते, की बहिणाबाईंची शरणागती ही घरातल्या सत्तेच्या लेखी अवज्ञा होती. नवऱ्याच्या आणि जातीच्या ताब्यातले मन त्यांनी त्या ताब्यातून काढून घेतले आणि जिथे जबरदस्तीला जागाच नाही अशा ठिकाणी ठेवले. स्वप्नातला गुरू दक्षिणा मागू शकत नाही. तुकोबांचाही गुरू स्वप्नातलाच. त्यांनी पावशेर तूप मागितल्याचा आणि ते द्यायचे राहून गेल्याचा उल्लेख तुकोबांच्याच अभंगात आहे. गंमत म्हणजे द्यायचे राहिले म्हणून काही बिघडले नाही.

बहिणाबाईंची बाजू मांडताना सोयीचे तेवढे घेऊन चालणार नाही. त्यांनी पतिव्रताधर्मावरही अभंग लिहिले आहेत. नवरा जायला निघाला तेव्हा त्याची सेवा हाच आपला देव, असा निश्चयही त्यांनी नोंदवला आहे. हा ताण त्यांनी सोडवला नाही, पण लपवलाही नाही. मात्र त्यांच्याच नावावर ‘वज्रसूची’चे मराठी रूपांतर आहे. ब्राह्मण कोणाला म्हणावे, जन्माने, देहाने की ज्ञानाने, अशी एकामागून एक उलटतपासणी करणारा हा ग्रंथ. गुरूला सर्वस्व वाहिल्यावर त्यांची बुद्धी विझली असती तर हे काम त्यांच्या हातून झाले नसते. अहंकार गेला आणि प्रश्न राहिला, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट आधार ‘गुरुचरित्रा’चा. त्यातला संदीपक कुष्ठरोगी गुरूची काशीत वर्षानुवर्षे सेवा करतो, मारझोड आणि शिव्या सोसतो, आणि विश्वेश्वर वर द्यायला आला तरी गुरूला विचारल्याशिवाय घेत नाही. ही कथा आजही निमूट आज्ञापालनाचा दाखला म्हणून सांगितली जाते. पण तिचा पाया सांगणारे थोडे. हा गुरू स्वतःचे उरलेले पाप स्वतःच्या देहाने भोगायला काशीला निघालेला आहे. सेवा किती कठीण आहे हे तो शिष्यांना आधीच स्पष्ट सांगतो, आणि संदीपक ते ऐकून राजी होतो. शिष्याच्या सेवेवर गुरूचे ऐश्वर्य वाढत नाही. शिवाय हा सारा ग्रंथ उभा आहे तो नामधारक विचारतो आणि सिद्ध सांगतात या रचनेवर. नामधारकाने शंका विचारणे थांबवले असते तर गुरुचरित्र दुसऱ्या अध्यायाच्या पुढे गेले नसते.

राहिले रामदास. ‘दासबोधा’च्या पाचव्या दशकात पहिल्या समासात ते गुरूवाचून तरणोपाय नाही असे निक्षून सांगतात. आणि लगेच दुसऱ्या समासात गुरूची लक्षणे घालून देतात. चमत्कार दाखवणारे, शिष्याच्या मनासारखे बोलून त्याला सांभाळणारे, साधनाला न लावणारे आणि इंद्रियांना आवर न घालायला शिकवणारे गुरू कवडीमोलाने मिळाले तरी टाकावेत, असा त्यांचा रोख आहे. शिष्याची लक्षणे येतात ती त्यानंतरच्या समासात. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. आधी गुरूची परीक्षा, मग शिष्याची. आणि गुरूची परीक्षा करायची म्हणजे ती करणारी बुद्धी शाबूत हवी. ती वाहून टाकल्यावर परीक्षा कोण करणार?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अघोरी प्रथांच्या नावाने होणारी फसवणूक आणि छळ यांना त्याने काही आळा बसतो. पण ‘विचारलेस म्हणजे अहंकार आहे’ या एका वाक्याने जे होते ते कोणत्याही कलमात बसत नाही. तिथे गुन्हा घडत नाही. एक माणूस फक्त स्वतःवरचा विश्वास गमावून घरी येतो. त्याला उत्तर द्यायचे तर ते परंपरेच्या भाषेतच द्यावे लागेल, कारण त्याला गप्प केले गेले तेही परंपरेचेच नाव घेऊन. गुरू मानणाऱ्यांची श्रद्धा काढून घ्यावी असे मला वाटत नाही. ज्ञानदेवांच्या त्या ओव्या वाचल्यावर तसे वाटणे मला तरी शक्य नाही. पण शरण जाणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात, एवढे हे ग्रंथ नक्की सांगतात : आपण वाकल्यामुळे कोण मोठे होते आहे, आपले शिष्यपण कधी संपणार आहे, आणि लोटांगण घालून उठल्यावर विचारायला जागा ठेवली आहे की नाही.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वराकडे जातात. वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. म्हातारा पोराच्या पाया पडतो आणि पोरगा म्हाताऱ्याच्या. कोण गुरू आणि कोण शिष्य, हे बाहेरून पाहणाऱ्याला सांगता येत नाही.