आधी उड्डाण की आधी कान?

वटवाघळांच्या उत्क्रांतीवरच्या लोकप्रिय लेखांत एक वाक्य हमखास येते. वटवाघळे आधी उडायला शिकली आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा वेध घेणे त्यांना नंतर साधले. वर्गात सांगायला वाक्य सोयीचे आहे. आमचा आक्षेप एवढाच, की ते कशाच्या आधारावर उभे आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

तो आधार आहे ओनिकोनिक्टेरिस या नामशेष वटवाघळाचा. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात ग्रीन रिव्हर नावाचा प्रस्तरसमूह आहे. नाव नदीचे असले तरी येथील प्रसिद्ध जीवाश्म मिळतात ते प्राचीन सरोवराच्या तळाशी साचलेल्या बारीक, चुनखडीयुक्त गाळाच्या थरांत. सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या या थरांत मासे हजारोंनी सापडतात, वटवाघूळ क्वचितच. नॅन्सी सिमन्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘नेचर’मध्ये ओनिकोनिक्टेरिसचे वर्णन केले. त्याचे पंख उडण्याजोगे आहेत आणि पाचही बोटांना नख्या आहेत. आतल्या कानातील शंखाकृती नळी मात्र लहान आहे. आजच्या कीटकभक्षी वटवाघळांत ही नळी सहसा मोठी असते. वडा-पिंपळावर लटकणारी, फळे खाणारी मोठी वटवाघळे स्वरयंत्रातून ध्वनी काढून वेध घेत नाहीत; त्यांच्यात ती लहान असते. यावरून निष्कर्ष निघाला, की ओनिकोनिक्टेरिस उडत होते पण प्रतिध्वनी वापरत नव्हते.

दोनच वर्षांनी त्याच नियतकालिकात या निष्कर्षाला हरकत घेतली गेली. घशाकडून कवटीकडे जाणारे एक बारीक हाड असते. स्वरयंत्रातून ध्वनी काढून वेध घेणाऱ्या आजच्या वटवाघळांत ते कानाच्या पडद्याला आधार देणाऱ्या हाडाला भिडलेले असते, असे कॅनडातील संशोधकांनी दाखवले. ओनिकोनिक्टेरिसमध्येही ते भिडलेले असावे, असे त्यांचे म्हणणे. सिमन्स यांच्या गटाने २०१० मध्येच उत्तर दिले, की जीवाश्म चेपलेला असल्यामुळे ही हाडे खरोखर जोडलेली होती की दाबाखाली एकमेकांवर आली, हे ठरवता येत नाही.

उत्तर प्रामाणिक आहे. पण चेपलेल्या हाडांचा आक्षेप एकाच पक्षाला लागू करून कसे चालेल? सरोवराचा शांत गाळ नाजूक बोटांसह अख्खा सांगाडा जागच्या जागी ठेवतो आणि त्याच वेळी त्याला वहीत दाबलेल्या पिंपळपानासारखा सपाट करतो. पंखांची लांबी विचारा, उत्तर चोख मिळते. कानाजवळची दोन हाडे कशी जुळत होती हे विचारले, तर मिळणारे उत्तर संशयास्पद. नळीची रुंदी मोजणे त्यापेक्षा बरे, हे मान्य; म्हणून २००८चा निष्कर्ष आम्ही टाकाऊ म्हणणार नाही. तो ठाम वाक्यात सांगण्याइतका भक्कम नाही, इतकेच.

वाहत्या पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे सांगाडा विखुरतो, पातळ हाडे मोडतात आणि कठीण दात तेवढे टिकतात. किनाऱ्याजवळच्या दलदलीच्या थरांतही बहुधा तुकडेच हाती येतात. सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीतून इओसीन काळाच्या सुरुवातीच्या वटवाघळांचे मुख्यतः दात आणि जबड्यांचे तुकडे मिळाले. त्यांवरून २००७ साली सात जातींची नोंद झाली. दातांवरून नाते कळते, आहाराचा अंदाज येतो. ध्वनीविषयी दात काही बोलत नाहीत. तरी इतक्या प्राचीन काळी वटवाघळांचे एवढे वैविध्य भारतात होते, ही गोष्ट वायोमिंगपाशीच थांबणाऱ्या लेखांतून निसटते.

कानाच्या प्रश्नावर प्रकाश पडला तो सरोवराबाहेरून. फ्रान्समधील एका चुनखडीच्या प्राचीन गुहेत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या व्हिएलेसिया या वटवाघळाची न चेपलेली कवटी मिळाली. सुझान हँड आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचा आतला कान आजच्या प्रतिध्वनी वापरणाऱ्या वटवाघळांशी जुळतो. हे वटवाघूळ आजच्या सर्व वटवाघळांच्या शाखेच्या किंचित बाहेरचे आहे. म्हणजे ही क्षमता त्या शाखेपूर्वीचीच असावी. त्याच वर्षी ग्रीन रिव्हरच्या आणखी खालच्या थरातून इकारोनिक्टेरिस गनेली ही नवी जात वर्णिली गेली. तिचे सांगाडे हे वटवाघळांचे आजवरचे सर्वांत जुने सांगाडे. तेही सपाटच.

ओनिकोनिक्टेरिसचा प्रश्न यातून सुटलेला नाही. वर्गात त्याचे छायाचित्र दाखवताना नखे, पंख आणि कान या तिन्हींवर बोट ठेवून, यातल्या कशावर किती विश्वास ठेवाल, असे मुलांना विचारून पाहावे.