हुकूम, अवस्था आणि नोंद : एका आज्ञाभाषेचे वाचन

समीक्षेसाठी मजकूर साहित्यिकच असला पाहिजे, असे मी मानत नाही. जिथे व्याकरण आहे तिथे जगाकडे पाहण्याची एक रीतही असते. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या ‘डेकनेट’ या संगणक-जाळ्याच्या व्यवस्थापनासाठी दोन आज्ञाभाषा झाल्या. आधीची एनसीपी आणि डेकनेटच्या पाचव्या टप्प्यासोबत, १९९०च्या दशकाच्या आरंभी, आलेली एनसीएल. या दोहोंतील फरक वाचण्याजोगा आहे.

एनसीएलमध्ये जाळ्यातील प्रत्येक घटकाचे तपशील चार गटांत मोडतात. ‘आयडेंटिफायर’ म्हणजे घटकाची ओळख. ‘कॅरॅक्टरिस्टिक्स’ म्हणजे त्याने कसे वागावे याच्या ठरीव गोष्टी. यांतील बहुतेक व्यवस्थापक ‘सेट’ या आज्ञेने बदलू शकतो. ‘स्टेटस’ म्हणजे घटकाची या क्षणाची अवस्था. आणि ‘काउंटर्स’ म्हणजे घडलेल्या गोष्टींची मोजदाद.

मराठीत या सगळ्याला सरसकट ‘गुणधर्म’ म्हटले जाते. मला तो शब्द इथे अपुरा वाटतो. गुणधर्म अंगभूत असतो. इथे मात्र एक गट हुकमाचा, एक साक्षीचा आणि एक नोंदवहीचा आहे.

अशी विभागणी एनसीपीतही होती, पण मुख्यतः माहिती दाखवण्यापुरती. तिथे सर्किट सुरू करायचे तर ‘सेट सर्किट’ म्हणून पुढे ‘स्टेट ऑन’ असे लिहीत. म्हणजे अवस्था हीच जणू हुकमाने ठरणारी वस्तू. एनसीएलमध्ये हे वाक्य बसत नाही. तिथे ‘एनेबल’ म्हणायचे, म्हणजे कृतीची आज्ञा द्यायची, आणि अवस्था काय झाली ते ‘शो’ म्हणून विचारायचे. सांगितलेले आणि घडलेले यांच्यात भाषेनेच अंतर राखले आहे.

मोजदादीबाबत हा आग्रह आणखी कडक होतो. एनसीपीत ‘झीरो’ ही आज्ञा होती. एका ओळीत मागचे आकडे पुसता येत. एनसीएलने ती आज्ञा ठेवली नाही. कारण व्यावहारिक आहे. एकाच घटकावर अनेकांची नजर असू शकते. एकाने आकडे पुसले की दुसऱ्याचा हिशेब बिघडतो. त्यापेक्षा प्रत्येकाने दोन वेळचे आकडे घ्यावेत आणि वजाबाकी करावी. पुसायचेच असेल तर घटक बंद करून काढून टाकायचा व नव्याने निर्माण करायचा. पण निर्मितीची वेळ त्याच गटात नोंदलेली असते. त्यामुळे पाटी कोरी झाली तरी ती केव्हापासून कोरी आहे, हे दिसत राहते.

या भाषेत दोषही आहेत. घटकाचे नाव श्रेणीने सांगावे लागते : आधी नोड, मग राउटिंग, मग सर्किट. वाक्ये लांबतात आणि रोज काम करणाऱ्याला ती जाचतात. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. काय मोजायचे हे घटकाची रचना करणाऱ्यानेच आधी ठरवलेले असते. ज्याला रकाना नाही ते घडूनही नोंदले जात नाही.

तरीही एनसीएलची बाजू मला वरचढ वाटते. अधिकार कुणाकडेही असो, हुकूम दिला म्हणजे काम झाले असे धरू नये आणि मागची नोंद गुपचूप पुसता येऊ नये, या दोन गोष्टी तिने नियमपुस्तकावर न सोडता व्याकरणात बसवल्या. कार्यालयीन मराठीत ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ हे वाक्य आपण किती सहज लिहितो! ते हुकमाबद्दल बोलते की अवस्थेबद्दल, हे वाक्यावरून कळत नाही.