तीन क्रियापदे आणि एक नाम

आरोग्यप्रचाराच्या घोषवाक्याकडे वाङ्मयीन रचना म्हणून पाहण्याचा प्रघात नाही. तथापि ज्या रचनेने एका देशातील मुलांच्या सवयी घडविण्याचे कार्य अंगावर घेतले, तिची परीक्षा शब्दांच्या अंगानेही व्हावयास हवी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या कर्करोगविरोधी संस्थेने १९८१ साली प्रसृत केलेली ‘स्लिप! स्लॉप! स्लॅप!’ ही रचना या दृष्टीने विचारार्ह आहे. तीत सिड नावाचा व्यंगचित्रातील सीगल पक्षी गाणे म्हणत तीन आज्ञा करतो : अंगात सदरा घाला, ऊनरोधक मलम लावा, डोक्यावर टोपी चढवा.

या रचनेचे यश प्रथम मान्य केले पाहिजे. तिन्ही शब्दांतील व्यंजने तीच राहतात. पालटतो तो केवळ स्वर. क्रियापदे बोलीतील आहेत, ग्रंथांतील नव्हेत. या तीन शब्दांत रोगाचे नाव नाही, भय नाही; आहे ती केवळ कृती. बालकाला कारणापेक्षा कृती लवकर उमगते. पुढे अनेक प्राथमिक शाळांतून टोपीवाचून मैदानावर खेळावयास मनाई झाली आणि शब्दाला नियमाचे पाठबळ मिळाले.

परंतु याच गुणांत रचनेची मर्यादाही दडलेली आहे. ‘स्लॉप’ म्हणजे द्रव पदार्थ निष्काळजीपणे सांडणे. मलम मात्र पुरेशा प्रमाणात आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. हा काटेकोरपणा त्या क्रियापदात मावत नाही. २००७ साली सावली शोधण्यासाठी ‘सीक’ व काळा चष्मा घालण्यासाठी ‘स्लाइड’ अशी दोन पदे जोडण्यात आली. त्यांपैकी ‘सीक’ हे पद ग्रांथिक असून नादाची साखळी तोडते.

याहून गंभीर उणीव निराळीच आहे. पौगंडावस्थेतील मुलाची सवय क्रियापदांपेक्षा एका नामाने अधिक नियंत्रित होते. ते नाम म्हणजे ‘टॅन’. हा शब्द मूळचा चर्मकाराच्या व्यवसायातील, ओकच्या सालीने कातडे कमावण्याच्या क्रियेचा वाचक. विसाव्या शतकात तो आरोग्य, सुट्टी व सौंदर्य यांचा द्योतक बनला. त्वचेला झालेल्या इजेचे नावच जेथे प्रशंसावाचक असते, तेथे तीन आज्ञा कितीही नादमधुर असोत, त्या तरुणाच्या कानांपर्यंतच पोहोचतात. २००७ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्वचेच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हर हिने अखेरच्या दिवसांत या नामावरच जाहीर आघात केला. कृत्रिम किरणांनी त्वचा रापविणाऱ्या केंद्रांत ती स्वतः गेली होती. व्हिक्टोरियात अशा व्यावसायिक केंद्रांवर २०१५ च्या आरंभापासून पूर्ण बंदी आहे.

रोगाचे भय सवय घडविते, हा समज किती अपुरा आहे, हे मराठी भाषकांच्या उदाहरणावरूनही दिसते. सावळ्या त्वचेला कृष्णरंजकाचे संरक्षण असल्याने त्वचेच्या कर्करोगाचा धोका येथे पुष्कळ कमी आहे. तरीही पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकीवरील तरुणी चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून जाताना दिसतात. त्याला धुळीचे कारण असते, तसेच ‘काळवंडणे’ या क्रियापदाचेही असते. तरुणांना या शब्दाची धास्ती कमी. त्यांच्या कानी ‘रापलेला’ हे विशेषण कष्टाळूपणाची ग्वाही म्हणूनही पडते. तिकडे एक शब्द तरुणांना उन्हात ओढतो. इकडे दुसरा तरुणींना उन्हापासून दूर ठेवतो. दोन्हीकडे अधिकार रंगवाचक शब्दाचाच आहे, आणि येथे लाभणारे संरक्षणही गोरेपणाच्या पूर्वग्रहाचे ऋणी आहे, ही अभिमानाची गोष्ट नव्हे.

तात्पर्य, सिडच्या रचनेला अयशस्वी म्हणणे अन्यायाचे होईल. तिने बालकांना कृती दिली. परंतु तरुणांच्या कोशातील एका नामाचा अर्थ पालटण्याचे काम तिच्या आवाक्याबाहेरचे होते. आरोग्यप्रचारकाने आज्ञा रचण्यापूर्वी श्रोत्याच्या भाषेत धोक्याला कोणते गोड नाव आहे, हे शोधले पाहिजे. तो शोध भाषाभ्यासकाच्या साह्यावाचून पुरा होणार नाही.