रिकाम्या खोलीतला चित्रकार

गेओर्ग केर्स्टिंग या जर्मन चित्रकाराने १८११ साली आपला मित्र कास्पार डेव्हिड फ्रीड्रिख याचे, तो खोलीत बसून काम करीत असतानाचे, एक तैलचित्र काढले. ते आज हांबुर्गच्या कुन्स्टहाले या संग्रहालयात आहे. चित्र लहानच, सुमारे ५४ सेंटिमीटर उंच व ४२ रुंद. ज्या चित्रकाराला नाझी राजवटीने जर्मन वंशाचे भूषण म्हणून मिरविले, त्याच्यासाठी आमच्या अंकातील जागा का खर्च करावी, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर चित्र पाहूनच द्यावे, असे आम्हांस वाटते.

खोली ड्रेस्डेन शहरातली. भिंत जवळजवळ उघडी. तिच्यावर दोन-तीन पॅलेट, पट्टी व गुण्या एवढेच टांगलेले. खिडकीचा खालचा भाग बंद केलेला, त्यामुळे रस्ता दिसत नाही, उजेड मात्र वरून येतो. फ्रीड्रिख साध्या खुर्चीवर बसून, काठीवर हात टेकवून रंगवीत आहे. त्याच्यापुढे धबधब्याचे चित्र आहे.

हे दारिद्र्य समजू नये. त्याच साली केर्स्टिंगने गेऱ्हार्ड फॉन क्यूगेलगेन या दुसऱ्या चित्रकाराची खोलीही रंगविली. ते चित्र कार्ल्सरूहे येथे आहे व त्यात प्लास्टरचे पुतळे, पुस्तके, बाटल्या यांची दाटी आहे. या क्यूगेलगेनच्या मुलाने पुढे आठवणी लिहिल्या. त्यांत तो सांगतो की, फ्रीड्रिख रंगाची पेटी, तेलाच्या बाटल्या व फडकीदेखील शेजारच्या खोलीत ठेवी. बाहेरच्या वस्तूंनी मनातले चित्र विस्कटते, असे त्याचे मत होते.

मनातले चित्र म्हणजे निव्वळ कल्पना, असेही नव्हे. फ्रीड्रिख डोंगरात व समुद्रकाठी हिंडून पेन्सिलीने झाडे, खडक रेखाटी आणि पुष्कळदा त्या कागदावर तारीख घाली. १८१० साली केर्स्टिंगही त्याच्याबरोबर रीझनगेबिर्गे पर्वतात पायी हिंडला होता. त्या रेखाटनांतील एखादे झाड कित्येक वर्षांनी रंगीत चित्रात येई. तरी या खोलीच्या भिंतीवर तसा एकही कागद टाचलेला नाही. मेहनत बाहेर आधीच होऊन गेली आहे, हे केर्स्टिंगला ठाऊक होते.

केर्स्टिंगच्या हाताला आवेग नाही. भिंत तो जितक्या निगुतीने रंगवितो, तितक्याच निगुतीने मित्राचा चेहरा. काहींना हा दोष वाटेल. आमच्या मते हाच या चित्राचा प्रामाणिकपणा आहे.

पुढे त्याने हा विषय पुन्हा हाताळला. त्यांपैकी बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीतील चित्रात फ्रीड्रिख खुर्चीच्या पाठीवर रेलून उभा आहे, आणि त्याच्यापुढील चित्राची फक्त मागची बाजू आपल्याला दिसते. हे चित्र अधिक गूढ आहे, आणि पुष्कळांना तेच जास्त आवडते. आम्ही मात्र हांबुर्गच्या चित्राला वरचा क्रम देतो. तेथे माणूस काय करीत आहे ते दिसते. बर्लिनच्या चित्रात चित्रकार गूढ पुरुष होतो, आणि न दिसणाऱ्या चित्राच्या जागी पाहणाऱ्याने हवे ते कल्पावे.

फ्रीड्रिखच्या नावाचे नेमके असेच झाले. १८४० साली तो वारला आणि विस्मृतीत गेला. १९०६ च्या बर्लिनमधील मोठ्या प्रदर्शनाने त्याला पुन्हा पुढे आणले, आणि १९३३ नंतर नाझींनी त्याच्या धुक्यात व डोंगरांत आपला अहंकार भरला. युद्ध संपल्यावरही तो डाग लवकर पुसला गेला नाही. आपल्या समाजातील कोणाला त्या नावाने आजही बोचत असेल, तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु १८११ च्या या खोलीत वंशाचा अभिमान कोठेही टांगलेला नाही. एक माणूस मान वाकवून आपले काम करतो आहे.

हांबुर्गला जाण्याचा योग आल्यास वाचकांनी हे चित्र अवश्य पाहावे. इतरांनी पुस्तकातील दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून आपला निर्णय स्वतः करावा, अशी आमची विनंती आहे.