परीक्षक आणि पक्षकार

शोधनिबंधाच्या परीक्षकाचे नाव गुप्त ठेवण्याची प्रथा त्याला निर्भयपणे मत देता यावे म्हणून आहे. परंतु याच गुप्ततेच्या आश्रयाने हितसंबंधही निर्वेधपणे वावरू शकतात. याचे एक बोधप्रद उदाहरण न्यूटनसारख्या थोर पुरुषाच्या चरित्रात आढळते.

कलनशास्त्राच्या शोधाचा वाद १७११ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. जॉन कील याने केलेल्या उसनवारीच्या आरोपाविरुद्ध लायब्निट्सने तेथे दाद मागितली. संस्थेच्या अध्यक्षपदी मात्र न्यूटनच होते. १७१२ च्या मार्चमध्ये समिती नेमली गेली, आणि एप्रिलमध्ये तिने न्यूटनच्या बाजूने निवाडा दिला. त्या अहवालामागे हात मुख्यतः न्यूटनचाच होता. १७१५ साली संस्थेच्या नियतकालिकात अहवालाचे निनावी परीक्षण आले. तेही त्यांनीच लिहिले होते.

न्यूटनचा शोध आधीचा होता, मग अन्याय कोठे झाला, असे कोणी विचारील. लायब्निट्सने तोच शोध स्वतंत्रपणे लावला व १६८४ साली प्रथम प्रसिद्ध केला, हे आज इतिहासकारांना मान्य आहे. अहवालाने मात्र कीलचा आरोप अन्याय्य मानला नाही. हितसंबंधी परीक्षक असत्यच बोलेल असे नाही. परंतु स्वतःला सोयीचे तेवढे सत्य त्याला पुरेसे वाटते.

आजची नियतकालिके परीक्षकाकडून हितसंबंधांचे निवेदन मागतात. ते आवश्यक खरे, पण पुरेसे नव्हे. न्यूटनचे अध्यक्षपद साऱ्यांना ठाऊक होते. तरीही निवाडा त्यांच्या हातून काढून घेणारा कोणी नव्हता. म्हणून निवेदनानंतर निर्णय दुसऱ्याकडे सोपविणे, हे संपादकाचे कर्तव्य ठरते.

मराठी संशोधनाच्या लहान वर्तुळात हा प्रश्न अधिक बिकट आहे. येथे लेखनशैलीवरूनही लेखक ओळखू येतो, आणि केवळ परिचय अपात्रतेचे कारण मानला तर परीक्षकच उरणार नाही. तेव्हा तारतम्य हवे. परिचय असल्यास तो कळवावा. गुरुशिष्य, सहलेखक वा त्याच प्रश्नावर काम करणारा प्रतिस्पर्धी असल्यास परीक्षण नाकारावे. संपादकाचा स्वतःचा निबंध असल्यास निर्णय बाहेरच्या विद्वानाने द्यावा. परीक्षकाच्या सचोटीवर विश्वास असावाच. पण सारी व्यवस्था केवळ त्या विश्वासावर उभी करू नये.