घुमट वाचला, पाणी मागे पडलं : वेस्ट बेडनच्या हॉटेलाविषयी

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हॉटेलाचं काय पडलंय. रास्त प्रश्न आहे. पण 'पुनरुज्जीवन' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. वाड्याचं पुनरुज्जीवन, नाट्यगृहाचं पुनरुज्जीवन, नदीचं पुनरुज्जीवन. आता शब्दाची फोड करून बघा. पुन्हा जिवंत करणे. म्हणजे ती वस्तू पूर्वी जिवंत होती आणि मध्ये मेली. मग ती जगत होती कशावर? आणि आज जी उठून बसली आहे ती त्याच गोष्टीवर जगते आहे का? हे प्रश्न तत्त्वज्ञानाचेच आहेत आणि ते हवेत विचारण्यापेक्षा एका इमारतीला विचारावेत असं आम्हाला वाटलं.

इमारत आहे अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या दक्षिणेला, ऑरेंज परगण्यात. तिथे फ्रेंच लिक आणि वेस्ट बेडन ही दोन छोटी गावं शेजारी शेजारी आहेत. 'लिक' म्हणजे चाटणे. तिथल्या क्षारयुक्त जमिनीवर जनावरं चाटायला येत, त्यावरून हे नाव पडलं. झऱ्यांचं पाणी आपल्या वज्रेश्वरीसारखं कढत नाही, थंडच आहे. पण गंधकाचा वास तोच. त्यात सोडियम आणि मॅग्नेशियमचे सल्फेट क्षार भरपूर. ज्यांच्या घरी लहानपणी एप्सम सॉल्ट देत असत त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी रेचक होतं. 1840च्या दशकात एका डॉक्टरने तिथे पहिलं हॉटेल काढलं आणि लोक कोठा साफ करायला, सांधे मोकळे करायला येऊ लागले. शेजारच्या गावाचं मूळ नाव माइल लिक. ते बदलून जर्मनीतल्या प्रसिद्ध स्नाननगराच्या तालावर वेस्ट बेडन केलं. नाव बदललं की दर वाढवता येतो, हे तेव्हाही ठाऊक होतं!

दोन्ही गावांचं पाणी बाटल्यांत भरून विकलं जाई. फ्रेंच लिकच्या पाण्याचं नाव प्लूटो, म्हणजे पाताळाचा देव, आणि बाटलीवर लाल सैतानाचं चित्र. वेस्ट बेडनचं पाणी स्प्रुडेल, त्याच्यावर एक बुटका. फ्रेंच लिकच्या हॉटेलाचे मालक टॉमस टॅगर्ट हे इंडियानापोलिसचे महापौर आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बडे नेते होते. त्यामुळे तिथे राजकारणही उतरायला येई. 1931 साली राज्यपालांची परिषद तिथे भरली, आणि पुढच्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रूझवेल्ट यांनी तिथे आपली माणसं जोडली.

आपला विषय मात्र वेस्ट बेडन. ली सिंक्लेअर यांचं तिथलं लाकडी हॉटेल 1901च्या जूनमध्ये जळालं. त्यांच्या मनात एक वेड होतं : गोल इमारत आणि तिच्यावर जगातला सर्वांत मोठा घुमट. बऱ्याच वास्तुविशारदांनी हे होणार नाही म्हणून सांगितलं. वेस्ट व्हर्जिनियाच्या हॅरिसन ऑलब्राइट यांनी होकार दिला आणि 1902 मध्ये हॉटेल उभंही राहिलं. घुमटाचा व्यास 200 फूट. विजापूरचा गोल घुमट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, तो याच्यापुढे बराच लहान. पोलादाच्या 24 फासळ्या मधल्या चक्रातून निघून खांबांवर टेकतात आणि टेकतात त्या रोलरवर, म्हणजे उन्हाळ्यात पोलाद फुगलं आणि थंडीत आकसलं तरी भिंतीला धक्का लागू नये. अमेरिकेत याहून मोठा घुमट 1955 पर्यंत झाला नाही. खाली मोकळं गोल अंगण, भोवती सहा मजले खोल्या, निम्म्या खोल्यांच्या खिडक्या त्या अंगणात उघडतात. आम्ही बरेच घुमट पाहिले आहेत. बहुतेकांच्या खाली देव असतो किंवा थडगं. इथे आरामखुर्च्या आहेत.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे हॉटेल जाहीरपणे पाण्यावर चालत होतं आणि त्या खोऱ्यात आडून चालत होता जुगार. इंडियानात जुगाराला कायद्याने बंदी होती, तरी तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसा न लपवता चालला. 1923 मध्ये सिंक्लेअर यांच्या मुलीकडून हॉटेल घेणारे एड बॅलर्ड जुगार आणि सर्कस अशा दोन्ही धंद्यांत मुरलेले. 1929 मध्ये शेअरबाजार कोसळला, पाहुणे सामान बांधून निघून गेले आणि 1932 मध्ये हॉटेल बंद पडलं. 1934 मध्ये बॅलर्ड यांनी ही अख्खी वास्तू जेझुइट पाद्र्यांना एका डॉलरला दिली. दोनच वर्षांनी जुगारातल्या एका जुन्या भागीदाराने त्यांचा खून केला, तोही आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज या गावी. म्हणजे तिथेही झरेच.

जेझुइटांनी तिथे धर्मशिक्षणाचं महाविद्यालय चालवलं. डामडौल काढून टाकला, छतावरचे मूरिश धाटणीचे चार मनोरे उतरवले, झऱ्यांच्या तोंडावर सिमेंट घातलं आणि तिथे संतांची स्थानं केली. तीस वर्षांनी, 1964 मध्ये, ते गेले. मग एका खाजगी शिक्षणसंस्थेने 1983 पर्यंत इमारत वापरली. त्यानंतर कुलूप. 1987 मध्ये तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला आणि 1991च्या हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीचा सहा मजली तुकडा ढासळला. दर्जा मिळाल्याने भिंत उभी राहत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोण देणार!

वाचवलं कोणी? इंडियानातल्या वारसा जपणाऱ्या संस्थेने 1996 मध्ये अडीच लाख डॉलरना इमारत घेतली आणि दुरुस्तीचा भार उचलला ब्लूमिंग्टनच्या बिल आणि गेल कुक या दांपत्याने. त्यांचा पैसा वैद्यकीय उपकरणांचा. 1963 मध्ये राहत्या घराच्या एका खोलीत सुया, मार्गदर्शक तारा आणि कॅथेटर बनवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. ज्या वैद्यकशास्त्राने झऱ्याच्या पाण्यावरची श्रद्धा संपवली, त्याच वैद्यकशास्त्राच्या कमाईतून झऱ्याचं हॉटेल उभं राहिलं. आम्हाला हा योगायोग फार आवडतो, पण त्यातून सिद्धांत काढण्याचा मोह टाळतो.

पहिल्या टप्प्यात तीन कोटींहून जास्त डॉलर गेले. घुमट सावरला, भिंत बांधली. तरी प्रश्न उरला की एवढ्या वास्तूचं रोजचं पोट भरणार कशाने? उत्तर निघालं जुगार. 2003 मध्ये परगण्याच्या मतदारांनी कॅसिनोच्या बाजूने कौल दिला, 2006 मध्ये फ्रेंच लिकला कॅसिनो उघडला आणि 2007 मध्ये वेस्ट बेडनमध्ये पाहुणे परत आले. इथे एक मजेदार प्रकरण आहे. राज्याच्या कायद्यात कॅसिनो म्हणजे नदीवरची बोट, अशी समजूत होती. इथे मोठी नदी कुठे? मग कॅसिनोची इमारत बोटीसारखी बांधली आणि तिच्याभोवती उथळ तळं खणलं. पुढे नियम सैल झाल्यावर तळं बुजवून टाकलं. झऱ्याच्या गावात सरकारला दाखवण्यापुरतं पाणी भरावं लागलं!

आता टीका. आधीच सांगतो की आमची तक्रार जुगाराबद्दल नाही. जुगार तिथे नवा नाहीच, पूर्वी मागच्या दाराने चालत होता, आता पुढच्या दाराने चालतो आणि कर भरतो. त्या अर्थी हे पुनरुज्जीवन जरा जास्तच प्रामाणिक आहे. काम करणाऱ्यांचं कसबही निर्विवाद आहे. तक्रार आहे ती 'जसं होतं तसं' या दाव्याबद्दल.

आलोइस रीगल नावाचा व्हिएन्नाचा कलाभ्यासक होऊन गेला. स्मारकांविषयीचा त्याचा निबंध 1903चा, म्हणजे हे हॉटेल नुकतं उघडलं होतं तेव्हाचा. तो म्हणतो की जुन्या वास्तूत वेगवेगळी मूल्यं असतात आणि ती एकमेकांशी भांडतात. एक वयाचं मूल्य : झीज, डाग, काळाच्या खुणा. दुसरं उपयोगाचं मूल्य. आणि तिसरं नवेपणाचं, ज्याच्यावर सामान्य माणसाचा जीव असतो. वेस्ट बेडनमध्ये नवेपणाने बाजी मारली. सोनेरी नक्षी, चकचकीत फरशी, मनोरे पुन्हा उभे. पण मनोरे उतरवले होते कोणी? जेझुइटांनी. तो त्या वास्तूच्या इतिहासातला खरा प्रसंग होता. योगायोगाने 1964 मध्येच, जेझुइट गेले त्याच वर्षी, व्हेनिसची सनद झाली. ती सांगते की वास्तूवर प्रत्येक काळाने जे काही घातलं त्याचा मान राखावा, एकच शैली साधणं हे जीर्णोद्धाराचं उद्दिष्ट असू नये. इथे तीस वर्षांचं मौन, अभ्यास, प्रार्थना यांना इमारतीत फार थोडी जागा उरली. राहिली ती टेकडीवरची पाद्र्यांची दफनभूमी. मेलेल्यांना हलवणं अवघड असतं म्हणून ती राहिली की काय, असं आमच्या मनात येऊन गेलं. असो.

दुसरं असं की पाहुण्यांचा भूतकाळ परत आला, राबणाऱ्यांचा तेवढा आला नाही. त्या काळी पाहुणे गोरे आणि वाढपी, हमाल यांत कृष्णवर्णीय पुष्कळ. त्यांच्यातूनच दोन बेसबॉल संघ उभे राहिले, फ्रेंच लिकचे प्लूटोज आणि वेस्ट बेडनचे स्प्रुडेल्स. संघांची नावं बघा, पाण्याच्या बाटल्यांची! सी. आय. टेलर यांच्यासारखा मोठा संघनायक स्प्रुडेल्समधून पुढे गेला. ही माणसं दिवसा ताटं उचलत आणि दुपारी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी उत्तम दर्जाचा खेळ खेळत. त्या घुमटाइतकाच हाही तिथला वारसा आहे. पण अंगणाला सोन्याचा मुलामा देता येतो, या गोष्टीला कसा देणार?

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणावंच, की प्राध्यापकमहाशय, तुम्ही पुण्यात बसून सनदा वाचता. त्या परगण्यात रोजगार नव्हता, तरुण गाव सोडून जात होते. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. लोकांनी मतदान करून कॅसिनो आणला, तो कोणी लादला नाही. हॉटेलात शेकडो माणसांना काम मिळालं. पडकी भिंत तशीच ठेवून वयाचं मूल्य जपलं असतं तर चार अभ्यासक खूश झाले असते आणि घुमट आणखी काही हिवाळ्यांत जमिनीवर आला असता. मूळच्या पाचशेहून अधिक खोल्यांच्या जागी आज अडीचशेच्या आत खोल्या आहेत. एवढी तडजोड केल्याशिवाय आजचा पाहुणा राहणार नाही, हेही मान्य. निवड करावीच लागते. फक्त निवड केली असं म्हणावं, 'पूर्ववत केलं' म्हणू नये. पहिल्या वाक्यात करणाऱ्याची जबाबदारी दिसते, दुसऱ्यात ती इतिहासाच्या गळ्यात पडते.

आणि पाणी? झऱ्यांवरचे छोटे मंडप बागेत नीटनेटके उभे आहेत. प्लूटोचं बाटलीबंद पाणी 1971 मध्ये बंद झालं. आज त्या पाण्याची आंघोळ स्पाच्या दरपत्रकात मिळते, मालिश आणि चेहऱ्याच्या लेपांच्या रांगेत. वैद्यकीय दावा गेला हे उत्तमच झालं. पाण्याने सगळे रोग बरे होतात हे आम्हीही कोणाला पटवू इच्छित नाही. पण ॲरिस्टॉटलच्या भाषेत बोलायचं तर त्या जागेचं प्रयोजन पाणी होतं आणि तेच आता अलंकार झालं आहे. आपल्याकडे उलट दिसतं. गणेशपुरीला, वज्रेश्वरीला, कोकणात उन्हवऱ्याला किंवा तुरळला जाऊन बघा. इमारत म्हणावी तर ओबडधोबड कुंड, शेवाळलेल्या पायऱ्या, कपडे बदलायला धड आडोसा नाही. पण पाणी चालू आहे आणि पाठ धरलेला शेतकरी त्यात उतरतो. तिथेही कोणी तरी एक दिवस आराखडा घेऊन येईल. तेव्हा आडोसा जरूर व्हावा, स्वच्छता व्हावी, बायकांसाठी वेगळी नीट सोय तर आधी व्हावी.

वेस्ट बेडनच्या व्यवस्थापनाला आमची सूचना साधी आहे. बागेतल्या एका मंडपाखाली, घेता येण्याजोगं असेल तर तपासून, नाही तर निदान हात बुडवायला, झऱ्याचं पाणी वाहतं ठेवावं. गावातल्या कोणालाही खोली न घेता तिथे येता यावं. शेजारी एक पाटी लावावी, तिच्यावर स्प्रुडेल्सच्या खेळाडूंची नावं आणि जेझुइटांची तीस वर्षं असावीत. गंधकाचा वास पाहुण्यांना आवडणार नाही, हे खरं. शंभर वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांनाही तो आवडत नसणार. ते नाक धरून पीत.

बराच वेळ घेतला. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या बाईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्याकडे माइक द्या.